नव्या गाडीत पाणी कुठून येतं?



आपल्या भागातल्या बऱ्याच गटांनी अलीकडे खाद्यपदार्थांची गाडी घेतली आहे. हातगाडी नव्हे, तर जीपच्या नाहीतर पिकअपच्या मागं जोडून न्यायची, पत्र्याची बंद ट्रेलर-गाडी. आत ओटा, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी, आणि एका बाजूला वर उघडणारी झडप. आठवडे बाजार, यात्रा, शाळेचं संमेलन, जिथं गर्दी तिथं गाडी. उन्हाळ्यात सगळं छान चालतं. मग वळवाचा पहिला पाऊस येतो आणि पिठाच्या डब्याखाली ओल दिसते.

अशा वेळी गटात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अगं, नवीन गाडी आहे, गळेल कशी?" तिथूनच आज सुरुवात करू.

नवी गाडी गळू शकते. खरं तर तिचे सांधे नवे असतात म्हणूनच पहिल्या वर्षी जास्त लक्ष ठेवावं लागतं. घर एका जागी उभं असतं, ही गाडी रस्त्यावर धावते. गावाकडच्या खडबडीत रस्त्यावर सांगाडा प्रत्येक खड्ड्यात थोडा पिळतो. त्यात उन्हानं पत्रा प्रसरण पावतो, रात्री आकसतो. सांध्यावर लावलेला मसाला कमी पडला असेल, किंवा धुळीवर, तेलकट पत्र्यावर तसाच फासला असेल, तर दोन-तीन महिन्यांत तो एका कडेनं सुटतो. केसाएवढी फट पुरते. छपरावर पाणी साचून राहिलं की ते त्या फटीतून हळूहळू आत जातं.

आता महत्त्वाची गोष्ट. पाणी जिथं टपकतं तिथूनच ते आत आलेलं असतं, असं नाही. पत्र्याच्या मागं चौकोनी पाइपांचा सांगाडा असतो. पाणी छपराच्या पुढच्या कोपऱ्यातून शिरतं, पाइपावरून वाहत जातं आणि मागच्या कपाटात टपकतं. म्हणून आतून, टपकण्याच्या जागी सिलिकॉन फासून काही होत नाही. उलट वाट बंद झाल्यानं पाणी भिंतीच्या आतच साठतं. थर्माकोल ओला राहतो, खालचं प्लायवूड कुजतं, आणि आपल्याला ते कळतं तेव्हा टाच आत रुतायला लागलेली असते.

तेव्हा आधी हे पाणी पावसाचं आहे की आपलंच, ते ठरवा. कडक ऊन पडलेलं असताना ओल दिसते? मग टाकी, नळ नाहीतर बेसिनखालचा पाइप बघा. बेसिनमध्ये तांब्याभर हळदीचं पाणी ओता. खाली पिवळं पाणी आलं तर जाळीखालचा वायसर किंवा पाइपाचा आटा सैल आहे. पाण्याला आपोआप चालू-बंद होणारा पंप असेल तर सगळे नळ बंद करून शांत बसा. कुणी नळ सोडलेला नसताना पंप मधेच गुरगुरला तर पंपापासून नळापर्यंत कुठंतरी गळती असण्याचा दाट संभव आहे. पंपाची आतली झडप खराब झाली तरी असंच होतं, पण आधी पाइपाचे जोड हातानं चाचपून बघा.

तिसरीही एक शक्यता असते, तिच्यावरून गटात उगाच भांडणं होतात. थंडीच्या दिवसांत सकाळी झडप न उघडता चहाचं आधण ठेवलं, भजी तळली, की वाफ गार छपराला आतून लागते आणि थेंब पडतात. ती गळती नव्हे. चुलीवरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसंच ते. पंखा लावा, झडप उघडा, थेंब थांबतात.

पाऊस पडल्यावरच ओल येत असेल तर मात्र बाहेरून शोधायचं. दोघी-तिघी जमा. उघडीप असलेला दिवस घ्या. सगळ्यात आधी गाडीची वीज बाहेरून तोडा, सिलिंडर बाहेर काढा, सामान उतरवा. आतल्या सांध्यांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा किंवा खाली रांगोळीची रेघ ओढा. पाण्याचा पहिला थेंब कुठं पडला ते त्यावर लगेच दिसतं. एकीनं बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसरीनं बाहेरून साध्या नळीनं पाणी सोडायचं.

पाणी सोडायचं ते खालून वर. पहिल्यांदा भिंतीचा खालचा सांधा, तिथं दहा मिनिटं. मग मागच्या लाल दिव्यांभोवती, वायर आत जाते त्या भोकापाशी, खिडकीभोवती, झडपेच्या बिजागरीवर आणि शेवटी छपरावर. छपरावरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळे सांधे एकदम भिजतात आणि कुठला गळला ते कळत नाही. आतली बाई "आलं!" म्हणाली की तिथंच थांबा, खडूनं खूण करा, फोटो काढा. गाड्या धुणाऱ्या केंद्रातला जोराचा फवारा वापरू नका. जिथं पाऊस कधीच शिरला नसता तिथंही तो पाणी घुसवतो, आणि मग बनवणारा म्हणतो, "तुम्हीच फवारा मारलाय."

माझ्या बघण्यात जास्तीत जास्त वेळा दोष दोन जागी निघाला. एक, छपरातल्या पंख्याचं नाहीतर धुराड्याचं भोक. दुसरी, झडपेची वरची बिजागरी. त्या बिजागरीवर पुढं आलेली पत्र्याची पन्हळ नसेल तर कितीही सिलिकॉन लावा, हलणाऱ्या सांध्यावर ते टिकणार नाही. तिथं पन्हळच पाहिजे. फॅब्रिकेशनवाल्याला ते अर्ध्या दिवसाचं काम असतं.

दोन भोकं मात्र चुकूनही बुजवू नका. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती पट्टीत साठलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. ती बुजवली की पाणी आत वळतं. आणि दुसरं, सिलिंडरच्या कप्प्यात तळाशी असलेली जाळी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साठतो. ती जाळी त्याची बाहेर जायची वाट आहे. चिखलाचं पाणी उडतं म्हणून एका गटानं तिथं पत्रा ठोकायचा विचार केला होता. पाणी उडत असेल तर चाकामागं रबराचा पडदा लावा, जाळीला हात लावू नका.

आता दुरुस्ती. गाडी मुदतीच्या हमीत असेल तर आधी काहीच फासू नका. ताडपत्री टाका, दोरीनं आवळा आणि बनवणाऱ्याला कळवा. हमी संपली असेल तर स्वतः करता येतं, पण जुना मसाला पूर्ण खरवडून काढावा लागतो. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. जागा पुसून, उन्हात पूर्ण वाळवून मगच लावायचं. दुकानात मागताना 'न्यूट्रल' सिलिकॉन मागा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते काचेला ठीक, पण जस्ताच्या पत्र्याला त्यातल्या आम्लानं गंज धरतो. मळून लावायची कडक लांबीही सांध्याला नको, ती धक्क्यानं तडकते. आणि आतलं प्लायवूड ओलं असेल तर कडेची पट्टी काढून दोन-चार दिवस पंखा लावा. ओल कोंडून वरून सांधा बुजवला तर कुजणं चालूच राहतं.

बनवणाऱ्याला कळवायचं म्हणजे फोनवर तक्रार करायची एवढंच नव्हे. आपल्या बायका फोनवर चांगल्या बोलतात, समोरचा "बघतो ताई, माणूस पाठवतो" म्हणतो, आणि पंचमी येते तरी माणूस येत नाही. तोवर हमीचे महिने संपत असतात. म्हणून गटाच्या बैठकीत ठराव घ्या, तो वहीत लिहा आणि पत्र पाठवा. पत्रात बिलाचा नंबर, ताब्याची तारीख, पाणी कुठून येतं, कधी दिसलं, आणि किती दिवसांत दुरुस्ती हवी, एवढं असावं. फोटो जोडा. पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, शिवाय व्हॉट्सॲपवरही टाका. कच्च्या चिठ्ठीवर गाडी घेतली असेल तर हे सगळं अवघड जातं, म्हणून पक्कं बिल आणि लेखी हमी ही पैसे देण्याआधीच मागायची वस्तू आहे.

तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर 1915. मराठीत बोलता येतं. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, गाडी पुण्यात बनली असली तरी पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. दोष उघड झाल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी.

इथं समोरून एक उत्तर येतं, ते आधीच ठाऊक असू द्या: "तुम्ही गाडी धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही." अर्धं खरं आहे. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात येत नाही. पण स्वतः राबून, फक्त पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरली जात नाही, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. आयोग हे पुराव्यावरून ठरवतो. म्हणून गाडीवर कोणत्या दिवशी कोण सदस्य काम करते त्याची हजेरी वहीत ठेवा. आपल्याला ती मजुरी वाटण्यासाठी लागतेच, उद्या पुरावा म्हणूनही तीच पुढं ठेवता येईल.

तोवर पावसाळा काढायचा आहे. आपल्याकडं मोसमी वारा नैऋत्येकडून येतो, पावसाचा मारा त्याच बाजूला बसतो. गाडी लावताना झडपेची बाजू शक्यतो पूर्वेकडं किंवा उत्तरेकडं करा. पुढचं छोटं चाक दोन बोटं खाली ठेवा, म्हणजे छपरावर पाणी साचत नाही. पीठ, मीठ, कागदी पिशव्या जमिनीवर नकोत.

आणि वीज. ओल्या गाडीत पत्र्यालाच करंट उतरतो, आणि आपण त्याच पत्र्याला टेकून उभ्या असतो. गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा खटका, 30 मिलीअँपिअरचा, इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. बटण दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गेली नाही तर त्या दिवशी गाडीत वीज जोडायची नाही, बाजार चुकला तरी चालेल. बोर्डावर ओल दिसली तरी तसंच.

कुणाच्या गाडीला यापेक्षा वेगळी अडचण असेल तर केंद्रावर कळवा, फोटो असेल तर तोही पाठवा.