जगाच्या फेरीची तालीम लेण्याद्रीला

मुलांना घेऊन वर्षभर जग फिरायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी नकाशा पसरला जातो. माझं सांगणं असं, की नकाशा जरा बाजूला ठेवा आणि मुलांना घेऊन आधी तीन दिवस लेण्याद्रीला जा. स्वतःच्या गाडीने नाही, एसटीने. पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नर आणि तिथून पाचेक किलोमीटरवर लेण्याद्रीचा पायथा. ज्याची पिशवी त्याच्याच पाठीवर, सहा वर्षांच्या धाकटीचीसुद्धा.

या तीन दिवसांत जे कळतं ते कुठल्याही प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. मूल बसमध्ये किती वेळ निवांत बसतं, परक्या अंथरुणात झोपतं का, भूक लागल्यावर किती थांबू शकतं, संडास मनासारखा नसला तर काय करतं, आणि या सगळ्यात आईबाप एकमेकांशी कसे बोलतात. पायथ्यापासून वरच्या गिरिजात्मज गणपतीपर्यंत तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सगळ्यात लहान मुलाला त्या चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. तीच तुमच्या जगप्रवासाची चाल. रोममध्ये किंवा क्योटोत ती वाढणार नाही. दिवसाला तीन स्थळं असा हिशेब कोणी मांडला असेल, तर त्यांनी तो इथेच एकावर आणावा. वाटेतली माकडंही चांगलं शिकवतात. हातात खाऊची पुडी धरून चालायचं नाही आणि पिशवीची चेन उघडी ठेवायची नाही, हे मुलांना इथे एकदाच कळतं. परदेशातल्या गर्दीच्या स्थानकावर ते पुन्हा सांगावं लागत नाही.

वर पोचल्यावर दर्शन घेऊन लगेच उतरू नका. अष्टविनायकांपैकी डोंगरावरच्या लेण्यात असलेला हा एकमेव गणपती, आणि ते लेणं मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. एवढं मोठं दालन, पण मध्ये एकही खांब नाही. शेजारच्या सहा क्रमांकाच्या लेण्यात चैत्यगृह आहे आणि ते कोणी दान दिलं हे तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे: कल्याणचा सुलसदत्त, सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्या घरातला मुलगा. कल्याण तेव्हा गजबजलेलं बंदर होतं. तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. समोरच्या शिवनेरीवरच्या लेण्यांत तर इरिल आणि चिट या दोन यवनांची नावं आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघाला भोजनमंडप दिला. परमुलखातून आलेल्या माणसांनी इथे पाणी आणि जेवायची जागा मागे ठेवली, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगा. परक्या देशात पाहुणा म्हणून कसं राहायचं, याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी नाणेघाट गाठा. तिथल्या सातवाहनकालीन लेखात जे अंक कोरलेत, त्या ब्राह्मी अंकांचेच वंशज आज जगभर वापरात आहेत. तुमच्या विमानाच्या तिकिटावरचेसुद्धा.

मूल बरोबर घेऊन जगाला फेरी घालायला निघालेली मराठी आई नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. वाटखर्च उभा राहिला तो त्यांनी लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानाला रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या. पुढे व्याख्यानं, शाळांची पाहणी, निधी उभारणं यासाठी गावोगाव फिरणं सुरू झालं. त्या धावपळीत लहान मूल बरोबर ठेवणं जमेना, आणि मनोरमेला इंग्लंडला परत पाठवावं लागलं. रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे १८८९ च्या सुरुवातीला मुंबईत उतरल्या. पृथ्वीची फेरी पूर्ण झाली, पण लेकीला वाटेत दूर ठेवून. त्यांचं काम इतकं मोठं होतं की त्यांना दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र मोठ्यांच्या वेगाने आखलेल्या प्रवासात मुलाचं काय होतं, हे त्यांच्या उदाहरणातून स्पष्ट दिसतं.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा इथे होते आणि म्हणून तयारीला निदान एक वर्ष हवं. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, यांतलं जे आधी येईल तेवढ्या मुदतीचा असतो. पंधरा वर्षांपुढच्या मुलाला दहा वर्षांचा मागता येतो. कित्येक देश पासपोर्टची मुदत अजून सहा महिने शिल्लक असल्याशिवाय प्रवेश देत नाहीत. म्हणजे वर्षभराच्या प्रवासासाठी निघताना किमान दीड वर्ष शिल्लक हवं. मुलाचा अर्ज करताना दोन्ही पालकांच्या संमतीचं ‘परिशिष्ट ड’ भरावं लागतं. मोठ्यांनी छत्तीसऐवजी साठ पानांचं पुस्तक मागून घ्यावं.

आपल्याकडे अडतं ते नावावर. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, तिच्या पासपोर्टवर सासरचं; कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे गाळलेलं; आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. गावात हे चालून जातं. व्हिसाच्या खिडकीवर हे मूल तुमचंच कशावरून, असा प्रश्न येतो. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसासाठी तर मुलाचा जन्मदाखला जोडावाच लागतो. तेव्हा ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद झाली, तिथे जाऊन ती आधी दुरुस्त करून घ्या. बाहेरदेशी दाखवायच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्काही घेता येतो. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

मार्ग आखताना व्हिसा आणि मुलांची चाल यांची ओढाताण होते. युरोपातल्या शेंगेन गटाच्या २९ देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं. अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांच्या आतच करता येतो आणि तोही साधारणपणे आपण जिथले रहिवासी आहोत तिथूनच. वर्षाच्या शेवटी युरोप ठेवला तर वाटेत कुठेतरी थांबून अर्ज करू, हे सहसा जमत नाही. म्हणून युरोप सुरुवातीला ठेवावा, आणि ज्यांचे व्हिसा लांब मुदतीचे आहेत किंवा जिथे तो लागतच नाही असे देश नंतर. सहा वर्षांखालच्या मुलांना शेंगेनचं शुल्क नाही, बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा प्रत्येकाला लागतो. जगफेरीचं एकच तिकीट विमान कंपन्यांच्या संघांकडून मिळतं. वर्षभराची मुदत, सोळापर्यंत उड्डाणं आणि दिशा एकच. भाव पाहून मोह होतो. पण सोळा उड्डाणं मिळतात म्हणून सोळा शहरं करू नयेत. पाच देश आणि प्रत्येक ठिकाणी महिना-दीड महिना मुक्काम मला कधीही जास्त पटतो. मुलांना शेजारी मिळतात, रोजची भाजीवाली ओळखीची होते, आणि आजारपण आलं तर घाई नसते.

शाळेबद्दल घरातल्या मोठ्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, मधलं वर्ष शाळेबाहेर गेलं असलं तरी. तरीही मुख्याध्यापकांना आधी भेटून लेखी बोलणं करावं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ हे मार्गही आहेत. गणित मात्र रोज अर्धा तास झालंच पाहिजे. बाकी इतिहास, भूगोल, भाषा वाटेवर मिळते. गणिताची सवय तुटली की जुळवायला वेळ लागतो. मराठी वाचन सुटू नये म्हणून दोन पुस्तकं कागदाचीच बरोबर ठेवावीत आणि आजीला दर आठवड्याला हाताने पत्र लिहायला लावावं.

लशींचं वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांसोबत सहा महिने आधी बसवा. आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या ज्या भागांत पिवळा ताप आहे तिथे जायचं असेल, तर त्याची लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते. दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती सहसा देत नाहीत. दाखल्याशिवाय अशा देशातून परतलात तर विमानतळावर अडवून वेगळं ठेवण्याचा अधिकार आपल्याच सरकारला आहे. गोवराची आणि पिवळ्या तापाची अशा दोन जिवंत लशी कशा अंतराने द्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. शेवटच्या पंधरवड्यात धावलात तर ते साधत नाही.

डब्याकडेही नीट लक्ष द्या. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस घातलेला मसाला किंवा अनारसे पिशवीत ठेवू नका, तिथे खसखशीला बंदी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना मेतकूट, लाडू, लोणचं, जे काही असेल ते प्रवेशाच्या घोषणापत्रात लिहून दाखवा. लिहिलेलं जप्त झालं तर फक्त खाऊ जातो, लपवलेलं सापडलं तर दंड. नेहमीच्या औषधांची मूळ वेष्टनं आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हातातल्या पिशवीत हवी. सर्दीखोकल्याच्या काही गोळ्या जपानसारख्या देशांत चालत नाहीत.

निघण्यापूर्वी घरी एका जबाबदार माणसाला मुखत्यारपत्र द्या आणि बँकेची नामांकनं तपासा. आईबापांना काही झालं तर मुलांचा सांभाळ कोण करील, हे मृत्युपत्रात लिहून ठेवा. हा विषय घरात काढायला जड जातो, म्हणून बहुतेक जण तो टाळतात. टाळू नका.

परतीची तारीख जाण्याच्या तारखेइतक्याच काळजीने ठरवा. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मेच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचलात तर मुलांना जुने मित्र, नवी वह्या-पुस्तकं आणि मामाच्या गावचे आंबे, तिन्ही मिळतात. मार्ग ठरवताना मुलांनाही एकेक मत द्या आणि एकेक नकारही. धाकटीने वाळवंट नको म्हटलं तर ते यादीतून काढा.