एका वर्गात, पण वेगळ्या बाकांवर
परदेशी आणि स्थानिक विद्यार्थी आपोआप का मिसळत नाहीत?

नागभीड : बारावीचे निकाल लागले की नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही परिसरातील अनेक मुले-मुली पुढील शिक्षणासाठी घर सोडतात. कोणी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत प्रवेश घेतो, कोणी नागपूरला जातो, तर कोणी थेट पुणे गाठतो. पुण्याच्या वर्गात त्यांना नेपाळ, अफगाणिस्तान किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशाचा सहाध्यायी भेटू शकतो. खरे तर शहर दोघांनाही परके असते. तरीही पुष्कळदा ही ओळख हजेरीपटापुरतीच राहते.

केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे २८ टक्के, नेपाळचे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा निर्माण करण्यास मुभा दिली. जागा वाढवता येतात. परंतु जवळीक परिपत्रकाने वाढत नाही.

पुण्याचा धडा

ही अडचण पुण्याने फार पूर्वी ओळखली होती. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांच्या लक्षात आले, की वसतिगृहातील मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी असून त्याची विचारपूस करणारे कोणी नाही. त्यातूनच १९७१ मध्ये 'सिम्बायोसिस' ही संस्था उभी राहिली. भारतीय आणि परदेशी विद्यार्थ्यांना एकत्र आणणे हा तिचा मूळ हेतू होता. नावही जीवशास्त्रातलेच. सिम्बायोसिस म्हणजे सहजीवन, दोन भिन्न जीवांनी एकमेकांच्या आधाराने जगणे. शिक्षणसंस्थांचा मोठा पसारा नंतर झाला. आरंभ मात्र एका एकाकी विद्यार्थ्यापासून झाला.

अंतर कशामुळे?

ऑस्ट्रेलियातील मर्डोक विद्यापीठात सिमोन व्होले आणि ग्रेस अँग यांनी स्थानिक आणि आशियाई विद्यार्थ्यांच्या गटकार्याचा अभ्यास केला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या माणसांत वाटणारा मोकळेपणा, भाषा, वेळ आणि राहण्याच्या ठिकाणाची सोय आणि एकमेकांविषयीचे पूर्वग्रह ही चार कारणे त्यात पुढे आली. विशेष म्हणजे मिश्र गटात काम चांगले झाल्यावरही पुढच्या वेळी आपल्याच माणसांचा गट निवडण्याकडे विद्यार्थ्यांचा कल राहिला. म्हणजे एखादा चांगला अनुभव पुरेसा ठरत नाही.

यातले भाषेचे कारण पूर्व विदर्भातील विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. झाडीबोलीत वाढलेल्या मुलाला आपल्या उच्चारांना कोणी हसेल या धास्तीने वर्गात बोलणे नकोसे होते. तिकडे परदेशी विद्यार्थी आपल्या इंग्रजीच्या काळजीने गप्प असतो. दोघांचे मौन सारखेच. पण प्रत्येकाला समोरच्याचे मौन आढ्यता वाटते.

उपाय वर्गातच

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले, की केवळ सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. समान दर्जा, समान ध्येय, परस्परसहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा असेल, तरच संपर्क उपकारक ठरतो. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना शाळांत प्रथमच एकत्र बसवल्यावर तणाव निर्माण झाला. तेव्हा १९७१ मध्ये एलियट अॅरन्सन यांनी एक सोपी पद्धत योजली. धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. त्याने तो नीट समजून घेऊन इतरांना शिकवायचा. पूर्ण धडा हवा असेल, तर प्रत्येकाचे ऐकणे भाग पडते.

ही पद्धत महाविद्यालयातही वापरता येते. समजा, विषय वनव्यवस्थापनाचा आहे. नेपाळने १९९३ च्या वन कायद्याने गावांतील उपभोक्ता गटांना जंगल सांभाळण्याचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एका गटात नेपाळचा आणि नागभीडचा विद्यार्थी असेल, तर दोन्ही कहाण्या समोरासमोर येतील. अशा वेळी तेंदूपाने आणि मोहफुलांचा हंगाम घरात पाहिलेला विद्यार्थी मागच्या बाकावर दबून राहत नाही. त्याच्याजवळ इतरांना हवे असलेले ज्ञान असते.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गट विद्यार्थ्यांवर न सोडता प्राध्यापकांनी पाडावेत, ते वर्षभर टिकवावेत, आणि एकमेकांना शिकवण्यालाही गुण ठेवावेत. वार्षिक स्नेहसंमेलनात देशोदेशीचे पोशाख आणि खाद्यपदार्थ मांडल्याने एक संध्याकाळ रंगते. मैत्रीला मात्र रोजचे काम लागते. वर्गात हे घडले नाही, तर काठमांडूहून आलेला आणि नागभीडहून आलेला असे दोघेही पदवी घेऊन परततील, पण एकमेकांकडून शिकण्यासारखे जे होते, ते तिथेच राहून जाईल.