मेलेला नव्हे, आजारी!

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांत माणूस गेला तरी लगेच ‘गेला’ म्हणत नाहीत. तो ‘मकुला’, म्हणजे आजारी. देह औषधं लावून घरातच ठेवतात, कधी महिनोन्‌महिने, कधी वर्षंही. रोज समोर ताट, पाणी. शौकीन असेल तर सिगारेटसुद्धा! खरा निरोप ‘रांबू सोलो’ या अंत्यविधीत. त्यात बळी दिलेले रेडे आत्म्याला ‘पुया’ या पितरांच्या देशी नेतात. बांडा रेडा सगळ्यात महाग, त्यामुळे पैसे जमेपर्यंत थांबणं आलंच.

आज बहुतेक तोराजा ख्रिस्ती आहेत, पण हे विधी सुटलेले नाहीत. आणि गंमत बघा, त्यांचा मूळ ‘आलुक तो दोलो’ हा धर्म १९६९ साली सरकारदरबारी चक्क हिंदू धर्माची शाखा म्हणून नोंदला गेला!