जुन्या संगणकाला नवे यूएसबी पोर्ट : हब, कार्ड की मदरबोर्डवरच्या मोकळ्या पिना?

सिलतरा (रायपूर) : रायपूर-बिलासपूर महामार्गालगतच्या सिलतरा औद्योगिक क्षेत्रातून स्पंज आयर्न आणि पोलाद घेऊन निघणारा ट्रक आधी भुईकाट्यावर चढतो. इकडच्या हिंदीत त्याला ‘धरमकाँटा’ म्हणतात. अशा काट्याशेजारच्या खोलीत अनेक ठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप अजूनही कामावर असतो. त्याला निवृत्त न करण्यामागे केवळ काटकसर नसते. काट्याचा वजनदर्शक आरएस-२३२ या जुन्या सीरियल पद्धतीने वजन पाठवतो. त्यासाठीचा नऊ पिनांचा पोर्ट जुन्या संगणकात सहज आढळतो, नव्यात तो बहुधा नसतो.

कामाचा व्याप मात्र वाढला आहे. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आंतरराज्य मालवाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल बंधनकारक झाले. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, प्रिंटर, ट्रकच्या छायाचित्रासाठी कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, पेन ड्राइव्ह, कीबोर्ड आणि माऊस अशा सगळ्यांनाच यूएसबी पोर्ट हवा असतो. पोर्ट मात्र सहाच, आणि समोरचे दोन बहुधा सैल झालेले.

खर्चाआधी संगणकाची मागची बाजू पाहणे श्रेयस्कर. तेथे जांभळा आणि हिरवा असे दोन गोल पोर्ट असतील, तर त्या पद्धतीचा कीबोर्ड आणि माऊस जोडून दोन यूएसबी जागा मोकळ्या करता येतात. ही जोडणी संगणक बंद असतानाच करावी.

दुसरी जागा मदरबोर्डवर असते. अनेक बोर्डांवर नऊ पिनांचा एखादा गट वापराविना राहिलेला असतो. अशा एका गटातून दोन यूएसबी २.० पोर्ट निघतात. मागच्या पट्टीवर बसणारी त्याची जोडपट्टी अल्प दरात मिळते. मात्र फायरवायर या जुन्या जोडणीचा गटही दिसायला असाच असतो आणि त्यात १२ व्होल्टचा पुरवठा येतो, तर यूएसबीचा पुरवठा ५ व्होल्टचा. गल्लत झाल्यास जोडलेले उपकरण जळू शकते. त्यामुळे पिनांशेजारी छापलेले नाव वाचल्याखेरीज काहीही लावू नये.

यूएसबी हब हा सर्वांत प्रचलित उपाय आणि तक्रारीही त्याच्याच अधिक. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. भारतात जन्मलेले अभियंता अजय भट्ट यांचा तिच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. नियमानुसार एका नियंत्रकावर १२७ उपकरणे चालू शकतात, पण वीज तितकी उदार नसते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नसलेल्या चार तोंडांच्या यूएसबी २.० हबमध्ये प्रत्येक वाट्याला १०० मिलिअँपियरचीच हमी असते. माऊस आणि टोकन त्यावर चालतात. बाह्य हार्ड डिस्क मात्र अडखळते किंवा मध्येच तुटते. म्हणून अ‍ॅडॅप्टरसह येणारा हबच घ्यावा.

जास्त वेग हवा असेल तर पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवावे. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे. जुन्या बोर्डाची खाच पहिल्या पिढीची असेल, तर तिच्या एका मार्गिकेतून सेकंदाला २५० मेगाबाइटच जातात, म्हणजे कार्डाच्या क्षमतेच्या निम्मे. तरीही यूएसबी २.० हून हा वेग कितीतरी अधिक आहे. पातळ कॅबिनेटसाठी आखूड पट्टीचे कार्ड लागते. कार्डावर वेगळी वीजजोडणी दिली असल्यास ती जोडावीच. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर अंगभूत नाही. तो कार्ड उत्पादकाकडून मिळतो का, हे खरेदीपूर्वी पाहावे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी वीजतार काढून धातूच्या सांगाड्याला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. पोलाद पट्ट्यात, मग ते सिलतरा असो की जालना, आणखी एक काळजी घ्यावी लागते. लोह आणि कोळशाच्या धुळीतले कण वीजवाहक असू शकतात. ते पोर्टात साचू नयेत म्हणून रिकाम्या तोंडांना रबरी टोपणे लावावीत.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र बहुतेकदा काम संपल्यावर होते. सीरियल पोर्ट बिघडल्याने ज्यांनी काटा यूएसबी परिवर्तकावर आणला आहे, त्यांनी तो परिवर्तक नव्या पोर्टात हलवल्यास विंडोज त्याला वेगळा कॉम क्रमांक देऊ शकते. काट्याचे सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत राहते, पडद्यावर वजन उमटत नाही आणि बाहेर ट्रकांची रांग लागते. परिवर्तक बिघडला असे समजून नवा आणण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये पूर्वीचा क्रमांक निवडावा. हा क्रमांक काट्याजवळच कागदावर लिहून ठेवलेला बरा.

पोर्ट वाढले तरी संगणकाचे वय तेच राहते. विंडोज ७ चा सुरक्षा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्राकडे वजन घेण्याचे काम राहू द्यावे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि बँकेचे व्यवहार अद्ययावत संगणकावर हलवले, तर जुन्याचा एक पोर्टही आपोआप मोकळा होतो.