दुकानावरील उजेडाची पाटी

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत तलवाडा नांवाचें गांव आहे. त्वरिता देवीचें स्थान म्हणून तें परिचित आहे. अशा गांवच्या बाजारांत पूर्वीं दिवस मावळला म्हणजे दुकानदार गॅसबत्तीला पंप मारी आणि ती दाराशीं टांगी. दुकानावर नांवाची पाटी बहुधा नसेच. असली तरी ती वाचणारे थोडे. बत्ती दिसली कीं दुकान उघडें, मालविली कीं बंद. मजकूर एवढाच, पण तो निरक्षरासही वाचतां येई.

या दिव्याला पुढें अक्षरें कशीं फुटलीं, तें आज पाहूं.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ सालीं लागले. क्रॉफर्ड मार्केटांत विजेचा उजेड १८८२ मध्यें पडला. परंतु वीज सर्रास मिळूं लागली ती विसाव्या शतकांत. वीज पुरविणारी व ट्राम चालविणारी कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली आणि १९१५ मध्यें खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रांतून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. विजेच्या पहिल्या पाट्या साध्याच होत्या: लांकडी किंवा पत्र्याच्या अक्षरांवर ओळीनें गोळे बसवावयाचे. त्यांतील चार गोळे जळाले कीं अक्षराचा पाय तुटे, आणि शेटजींच्या नांवाचा भलताच अर्थ होई!

खरी क्रांति केली ती एका वायूनें. १८९८ सालीं लंडनमध्यें रॅम्से व ट्रॅव्हर्स या दोन शास्त्रज्ञांनीं द्रवरूप केलेल्या हवेंतून एक नवा वायु वेगळा काढला. त्याचें नांव निऑन. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थच ‘नवा’. बारा वर्षें त्याचा व्यवहारांत विशेष उपयोग कोणास सुचला नाहीं. जॉर्ज क्लोद हा फ्रेंच गृहस्थ प्राणवायूसाठीं हवा द्रवरूप करण्याचा कारखाना चालवीत असे. त्यांत निऑन आपोआप उरे. डिसेंबर १९१० मध्यें पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत त्यानें सुमारें बारा मीटर लांबीच्या दोन नळ्या लावल्या. त्यांचा तांबडा-नारिंगी उजेड पाहून लोक थक्क झाले. दोनच वर्षांनीं त्याच शहरांत एका केशकर्तनालयावर पहिली निऑनची पाटी झळकली.

तिची रचना अशी. कांचेची नळी ज्योतीवर तापवून वांकवावयाची, आंतील हवा उपसून अगदीं विरळ वायु भरावयाचा, आणि दोन्ही टोंकांस हजारों व्होल्टचा दाब द्यावयाचा. निऑनचा रंग तांबडा. निळा हवा असल्यास आर्गॉन भरून पाऱ्याचा एक थेंब सोडतात. म्हणजे निळ्या पाटीत बहुधा निऑन नसतेंच. तरी जग तिला निऑनच म्हणतें.

येथें आपल्या लिपीची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नळी म्हणजे लेखणी नव्हे. ती मध्येंच उचलतां येत नाहीं, आणि विजेचा प्रवाह एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे जावयाचा असल्यामुळें तिला फांटाही फोडतां येत नाहीं. रोमन अक्षरें सुटीं असतात. दोन अक्षरांमधील नळीला काळा रंग फांसला कीं काम झालें. देवनागरींत मात्र शिरोरेघेला काना लोंबतो, वर मात्रा चढते, खालीं उकार बिलगतो. अशा ठिकाणीं कारागिरास नळी आल्या वाटेनें परत न्यावी लागते किंवा निराळा तुकडा जोडावा लागतो. शिवाय तो पुष्कळदां पाठीमागून, म्हणजे उलटीं अक्षरें समोर ठेवून काम करतो! ‘श्री’ हें अक्षर साधणें ही त्याची परीक्षाच.

दुसऱ्या महायुद्धांत दिवाबंदी आली तेव्हां मुंबईच्या रात्रींला पुन्हा अंधार पाहावा लागला. तो अंधार शत्रूच्या भयानें आला होता. पण उजेडाचाही एक जाच असतो, आणि तो नोकरमाणसास विचारावा. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी यंत्रें थांबेनात. कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला. कामगारांत असंतोष उसळला. कापडगिरण्यांतील पुरुषांस १२ तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्यानें. दुकानांतील नोकराकडे लक्ष जावयास आणखी काळ लागला. मुंबई प्रांतानें दुकानांसाठीं १९३९ मध्यें कायदा केला, पुढें १९४८ मध्यें त्याच्या जागीं दुसरा आणला, आणि दुकान बंद करण्याची वेळ ठरली. पाटी हवी तर रात्रभर जळो, तिच्याखालचा माणूस घरीं जावो, असा हा न्याय होता. माझ्या मतें तो उत्तम होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानें बहुतेक दुकानांस अहोरात्र उघडें राहण्याची मुभा दिली. नोकरांची साप्ताहिक सुटी मात्र राखली.

मध्यंतरीं कांचेची नळीही मागें पडली. १९९३ च्या सुमारास जपानांत प्रखर निळ्या उजेडाचा एल. ई. डी. दिवा सिद्ध झाला. त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां प्लॅस्टिकची लवचीक पट्टी हवी तशी वळते, थोड्या विजेवर चालते, पडल्यास फुटत नाहीं. ‘श्री’साठीं ज्योतीपुढें बसणारा कारागीर तिला नको असतो.

अशी पाटी आतां लहान गांवांतील औषधाच्या दुकानावरही दिसते. दार ओढून मालक घरीं गेला तरी ती लखलखत असते. दूरच्या वस्तीवरून आजारी मुलाला घेऊन आलेला माणूस ती पाहून धांवत येतो आणि बंद दाराशीं थबकतो.