उजनीच्या गाळाची तपासणी शिंपल्यांकडून

तेल पाण्यावर तरंगते, उन्हाने उडून जाते आणि उरलेसुरले पुरात वाहून जाते, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. हलका भाग उडतो; पण डिझेल आणि गॅरेजमधल्या जळक्या ऑइलमधले जड घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत. ते मातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि पाणी संथ झाले की कणांबरोबर तळाशी बसतात. पुणे-पिंपरीचे सांडपाणी आणि रस्त्यांवरचे पाणी पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी यांतून भीमेत येते आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात थबकते. इंदापूर तालुक्याच्या वाट्याला नुसते पाणी येत नाही, गाळही येतो.

शिंपला या गाळात अर्धा रुतून राहतो आणि कल्ल्यांतून दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून शेवाळाचे कण खातो. त्यांच्याबरोबर तेलकट कणही पोटात जातात. तेलातल्या ‘पीएएच’ नावाच्या संयुगांना चरबी मानवते, त्यामुळे ती मांसात साचतात. त्यांतली काही कर्करोगाला कारणीभूत ठरतात. मासाही ती गिळतो, पण त्याचे यकृत ती बऱ्यापैकी मोडून बाहेर टाकते. शिंपल्याची ती ताकद फारच तोकडी. चोखंदळ खवय्यांना हे पटायला जड जाईल, पण ताजेपणाचा आणि स्वच्छतेचा इथे काही संबंध नाही.

स्वच्छ पाण्यात ठेवले तर शिंपले निवळतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यासाठी गाळ बदलायला हवा. अलास्कात १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सांडलेले तेल वरचे पाणी निवळल्यावरही शिंपल्यांच्या थरांखाली अडकून होते आणि ते शिंपले कित्येक वर्षे दूषितच निघत राहिले. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा चर्चा पाण्यावरच्या तवंगाची झाली. खाडीच्या चिखलाची फारशी नाही.

दुसरा आक्षेप असा, की भिगवणच्या बाजारात चिलापी आणि कटला विकला जातो, शिंपले खातो कोण? खाणारा मुग्धबलाक हा करकोचा आहेच. पण माणसाने न खाल्ले तरी शिंपला कामाचा आहे. तो जागा सोडून फारसा हलत नाही, म्हणून त्याच्या मांसात त्याच ठिकाणचा महिनोन्महिन्यांचा हिशेब असतो. बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना फक्त त्या दिवसाचे सांगतो. अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्यावर हीच पद्धत चालते. इथे उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, तेव्हा भोवतालच्या गाळातले शिंपले हाताने वेचता येतील. आणि तुलनेला बारामतीजवळ सोनगावला, कऱ्हा-नीरेच्या संगमावरचे घेता येतील, कारण ते पाणी उजनीत येत नाही, धरणाखाली नीरा-नरसिंहपूरला भीमेत मिळते.