ब्राउझरमध्ये तयार झालेल्या एसव्हीजी चित्राला फाइलचे नाव कसे द्यावे?

समजा, लंबकाच्या प्रयोगासाठी आपण एक वेबपान केले आहे. लांबी बदलली की जावास्क्रिप्ट नवा आलेख काढते आणि बटण दाबले की तो एसव्हीजी फाइल म्हणून सेव्ह होतो. दहा आलेख सेव्ह करून फोल्डर उघडले, तर 'डाउनलोड', 'डाउनलोड (१)', 'डाउनलोड (२)' अशी रांग दिसते. ५० सेंटीमीटरचा आलेख कोणता? आलेखातच लांबी लिहिलेली नसेल, तर फाइल उघडूनही कळणार नाही.

सर्व्हरवरच्या चित्राला पत्ता असतो व बहुधा त्या पत्त्याचा शेवटचा भागच फाइलचे नाव होतो. आपला आलेख मात्र सर्व्हरवर कधी नव्हताच. तो पानाच्या डॉममधला एक घटक आहे. एक्सएमएल-सिरियलायझरने त्याचा मजकूर करून घेतला, की पुढे दोन वाटा आहेत. डेटा यूआरएलमध्ये अख्खे चित्रच पत्त्यात मावते, पण नावाला तेथे जागा नसते. म्हणून क्रोम स्वतःच 'डाउनलोड' हे नाव देतो. ब्लॉब यूआरएलच्या शेवटी यूयूआयडी असतो, म्हणजे ३६ चिन्हांची निरर्थक ओळ.

म्हणून नाव चित्रात किंवा पत्त्यात न शोधता दुव्यावर द्यावे. एक अँकर घटक तयार करा, त्याच्या एचरेफमध्ये ब्लॉब यूआरएल ठेवा आणि 'डाउनलोड' या ॲट्रिब्यूटमध्ये 'लंबक-०५०सेमी' असे नाव लिहा. मग कोडमधूनच त्यावर क्लिक करा आणि काम झाल्यावर ब्लॉब यूआरएल मोकळा करा. नाव देवनागरीत चालते. एसव्हीजी हे एक्स्टेन्शन मात्र रोमन लिपीत, स्वतः लिहावे. ५०च्या आधीचे शून्य मुद्दाम आहे. ते नसेल तर काही ठिकाणी १०० ही फाइल ५०च्या आधी लागते.

नावात वेळ घालायची असेल, तर एक खड्डा ध्यानात ठेवा. आयएसओ पद्धतीने वेळ देणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन यूटीसी वेळ देते. भारतात मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत केलेल्या आलेखावर त्यामुळे आदल्या दिवसाची तारीख पडते. जर्नल पूर्ण करण्याची आपली वेळ नेमकी तीच! शिवाय त्या वेळेतले कोलन विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत. स्थानिक तारीख घेऊन कोलनऐवजी आडवी रेघ वापरावी.

हे नाव म्हणजे केवळ सुचवण आहे. सेव्ह करणारा ते बदलू शकतो. चित्र दुसऱ्या ओरिजिनच्या सर्व्हरवरून येत असेल, तर हे ॲट्रिब्यूट सहसा मानले जात नाही. सर्व्हरने कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये नाव पाठवले असेल, तर तेच वरचढ ठरते. चित्रावर राइट-क्लिक करून सेव्ह करणाऱ्यालाही आपले नाव मिळत नाही, कारण तो आपल्या दुव्यावरून गेलेलाच नसतो. त्यामुळे बटण चित्राला लागूनच, ठळक दिसेल असे ठेवावे.